आठ चोक बत्तीस

बैठकीत गप्प बसायची संधी मला मिळाली होती, हे आधीच कबूल करतो. जानेवारीची संध्याकाळ होती, तोंडात वेलदोड्याच्या गोड पावाचा मोठा घास होता, समोर कॉफी होती. न बोलण्यासाठी जे जे लागतं ते सगळं सोसायटीने पुरवलं होतं. तरीही मी घास गिळला, घसा साफ केला आणि म्हणालो, "त्यात काय एवढं? तीन ओळींचं काम आहे."

काम होतं सौनाच्या पाळ्यांच्या यादीचं. आमच्या इमारतीत घरं तेहेतीस आणि तळघरात सौना एक. दर घराला आठवड्यातून एक तास. त्या तासात दार आतून लावून घ्यायचं, तापल्या दगडांवर पाणी मारायचं, वाफेत बसून घाम काढायचा आणि तास संपायच्या आत कपडे घालून बाहेर पडायचं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार दुपारी तीनपासून आठ-आठ पाळ्या. शनिवारी दोनपासून, म्हणून नऊ. आमच्या टाम्पेरे शहरात माणसाचा पगार किती, गाडी कोणती, असल्या चौकशा कोणी करत नाही. त्याची सौनाची पाळी कधीची आहे एवढं कळलं की पुरतं.

ही यादी सव्वीस वर्षं आउनेबाई करत होत्या. आउनेबाई वार्तियाइनेन, तळमजला, घर नंबर एक, वय त्र्याऐंशी. पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर एवढ्या सामग्रीवर त्यांनी तेहेतीस घरांची शांतता राखली होती. स्वतःला त्यांनी शनिवारी दुपारी दोनची पाळी घेतली होती. ती कोणालाच नको असते, कारण तेव्हा दगड धड तापलेले नसतात. त्या बैठकीत त्यांनी आपली वही अध्यक्षांपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "माझा हात थरथरतो आता. तीनचा आठ दिसायला लागलाय. दुसरं कोणीतरी बघा."

अध्यक्ष रायमो हायरिनेन याने तीनदा विचारलं, "कोण करेल?" असा प्रश्न आला की आमची माणसं आपापल्या कपात बघतात. चाळीस माणसं कपात बघत होती. मी तेवढा वर बघत होतो, आणि पुढचं मघाशी सांगितलंच.

माझ्या बाजूने एवढंच म्हणेन की हे माझ्या धंद्यातलं काम होतं. मी ऑस्मो केट्टुनेन, एका सरकारी कचेरीत बावीस वर्षं आकडेवारीचं काम करतो. आकड्यांची लांबलचक यादी घ्यायची आणि संगणकाला सांगून तिचे तुकडे पाडायचे, हे मी सकाळी कोट काढायच्या आधी करतो. त्यासाठी 'आर' नावाची एक संगणकाची भाषा आहे. नव्याने लागलेल्या पोरापोरींना ती मीच शिकवतो. ही शेवटची गोष्ट मी बैठकीतही सांगितली. ती सांगायला नको होती.

घरी मार्युतने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला कोणी विचारलं होतं का?"

"सगळ्यांनाच विचारलं होतं."

"मग बाकीचे का नाही बोलले?"

"त्यांना येत नाही म्हणून."

"हं. मग आता असं कर, एकदा दारोदार जाऊन ये. कोणाला कधी जमतं ते विचार. आउनेबाई तेच करायच्या."

"विचारलं की मतं येतात," मी म्हणालो, "आणि मतं आली की यादी होत नाही."

तरी मतं आलीच. पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचं म्हणणं पडलं की आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे पाळ्या लावाव्यात, तेच सगळ्यात निःपक्षपाती. त्यांचं आडनाव आल्होला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना वाटत होतं की लहान मुलांच्या घरांना आधी शनिवार द्यावा, आणि मुलांची व्याख्या त्यांनी सतरा वर्षांपर्यंत नेली, कारण त्यांचा धाकटा सोळाचा आहे. सगळ्यात जड मत ताइस्तो तुओविनेनचं होतं. तो मला लिफ्टमध्ये भेटला. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत तो दाराकडे बघत उभा होता. बाहेर पडता पडता म्हणाला, "शनिवार. सहा. एकोणीसशे एकोणऐंशी." ताइस्तोच्या मानाने हे भाषण झालं. अर्थ असा की शनिवारी संध्याकाळी सहाची पाळी, जिच्यासाठी लोक वीस-वीस वर्षं नंबर लावून थांबतात, ती एकोणऐंशी सालापासून त्याची आहे आणि त्याच्याबरोबरच जाईल.

हाच तर अन्याय मला दूर करायचा होता. नवीन आलेल्यांच्या वाट्याला बुधवारी दुपारी तीनची पाळी यायची, जेव्हा कोणीही शहाणा माणूस कामावर असतो. माझी योजना फार न्याय्य होती, अजूनही मला तसं वाटतं. घरांचे नंबर एक ते तेहेतीस घ्यायचे, चार वारांसाठी चार तुकडे पाडायचे आणि दर तीन महिन्यांनी गट पुढे सरकवायचे. आज बुधवार, उद्या गुरुवार, करता करता शनिवार सगळ्यांना. ताइस्तोलाही, मला स्वतःलाही.

आता हे तुकडे कसे पडतात ते दोन वाक्यांत सांगतो, कारण माझी अब्रू तिथेच गेली. संगणकाला आपण कुंपणाचे खांब रोवायची जागा सांगतो: एक, नऊ, सतरा, पंचवीस, तेहेतीस. दोन खांबांच्या मधले नंबर एका गटात जातात, आणि प्रत्येक खांबाचा स्वतःचा नंबर त्याच्या आधीच्या गटात जातो. मी तीन ओळी लिहिल्या, कळ दाबली. निकाल आला: आठ, आठ, आठ, आठ.

इतकी सुरेख विभागणी मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. एकही गट लहान नाही, एकही मोठा नाही. मी मार्युतला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आधी तर शनिवारी नऊ होते ना?"

"होते. पेन्सिलीचं काम होतं ते."

"मग नववं कुठे गेलं?"

"विज्ञानाने वाचलं," मी म्हणालो. हे वाक्य मी शब्दशः उच्चारलं, आणि ती ते मला अजून महिन्यातून दोनदा ऐकवते.

यादीवर आमच्या मालमत्ता व्यवस्थापकाच्या कचेरीचा शिक्का लागतो. तिथल्या बाईंनी यादी पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांच्या फॉर्मवर एका वाराला आठच रकाने होते. सव्वीस वर्षं आउनेबाई नववं घर समासात पेन्सिलीने लिहून पाठवत आल्या होत्या आणि सव्वीस वर्षं ते कचेरीला खटकत होतं. "अखेर आमच्या फॉर्ममध्ये बसणारी यादी आली," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला. फॉर्ममध्ये बसते म्हणजे यादी बरोबर असणारच, असं आम्हा दोघांनाही वाटलं. सरकारी माणसं अशीच असतात, त्यातला मी एक.

यादी जिन्याखालच्या फलकावर लागली. आमच्याकडे फलकावर लागलं की तो कायदा. तक्रार करायची पद्धत नाही. फार तर निनावी चिठ्ठी लावतात, आणि अक्षर कोणाचं ते सगळी इमारत ओळखते. एक चिठ्ठी आली: 'काही जणांना शनिवार मिळाला आहे, अभिनंदन.' अक्षर मास्तरांचं. मुद्दा असा की माझं घर नंबर सव्वीस, म्हणजे चौथा गट, आणि पहिले तीन महिने चौथ्या गटाला शनिवार. यात माझा काडीचा हात नव्हता, पण हे सांगत फिरणार कुठे? ताइस्तो गुरुवारी संध्याकाळी सातला गेला, वेळेवर, एक मिनिट इकडे तिकडे नाही. मात्र त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. तो आधीही बोलत नव्हता, पण आता न बोलण्यात फरक जाणवत होता.

मग रायमोने कहर केला. मंडळाच्या बैठकीत त्याने उभं राहून सांगितलं की शनिवारी दोनचा तास नव्या पद्धतीमुळे मोकळा झाला आहे, आणि ज्याने तो वाचवला त्यालाच तो मंडळातर्फे मानाचा म्हणून देण्यात येतो. मला तीनची पाळी होतीच. म्हणजे शनिवारी दोन ते चार, सलग दोन तास, मंत्र्यासारखे. मी "छे छे, कशाला" असं दोनदा म्हणालो, आणि तिसऱ्यांदा म्हणायची वेळ येणार नाही याची काळजी घेतली.

मार्युत म्हणाली, "मी तीनला येईन. तो आधीचा तास तुझा तू एन्जॉय कर, शास्त्रज्ञ." मी तीन शनिवार तो तास एकट्याने भोगला. दगडांवर पाणी मारायचो, भिंतीला टेकायचो आणि आपण समाजासाठी काय काय केलं याचा विचार करायचो. दगड दोनला खरंच तापलेले नसायचे, पण माझं समाधान तापलेलं होतं.

तिसऱ्या शनिवारी चार वाजता मी लालबुंद होऊन टॉवेल खांद्यावर टाकून तळघरातून वर आलो. बाहेर उणे बारा होतं, रस्त्यावर नुसता बर्फाचा आरसा. इमारतीचं दार उघडलं आणि आउनेबाई आत आल्या. बुटांना बर्फावर घसरू नये म्हणून लावायचे खिळे, पाठीला पिशवी, पिशवीतून टॉवेलचं टोक बाहेर आलेलं. केस टोपीखाली ओले.

मी मजेत होतो. म्हटलं, "काय आउनेबाई, एवढ्या थंडीत कुठे दौरा?"

"सौनाला गेले होते."

"सौनाला? कुठल्या?"

"पोहण्याच्या तलावावरच्या. दोन बस बदलाव्या लागतात. पण दुसरी बस लगेच मिळते हल्ली."

"अहो, पण आपला सौना सोडून तिकडे कशाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. त्या फक्त अंदाज घेत होत्या की मी थट्टा करतोय की काय. मग म्हणाल्या, "यादीत माझं नाव नाही ना," आणि किल्ली काढून दार उघडायला लागल्या. किल्ली कुलपात जायला वेळ लागला.

मी फलकापाशी गेलो. बुधवार: दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. मी ते बोट लावून वाचलं. मग परत वाचलं. एक नव्हता.

पहिल्या खांबाचा नंबर आधीच्या गटात जातो. पण पहिल्याच्या आधी गटच नसतो. म्हणून एक नंबर कुंपणाबाहेर राहतो, आणि संगणक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्यालाही आत घ्यायचं असेल तर एक शब्द जास्त लिहावा लागतो. ही चूक सगळे नवशिके करतात. मला माहीत आहे, कारण दर सप्टेंबरला पहिल्याच तासाला मीच ती फळ्यावर लिहून त्यांना हसतो. आणि ते राहू दे. आठ चोक बत्तीस हे तर शाळेतल्या पोराला येतं. घरं तेहेतीस होती. मी आउनेबाईंना गाळलं होतं, मग त्यांच्या जागेचा वाचलेला तास म्हणून सत्कार घेतला होता, आणि तीन शनिवार त्यांच्या तासात उघडा बसून स्वतःचं कौतुक करत होतो. तिथे जिन्याखाली टॉवेल घेऊन उभं असताना मला जी लाज वाटली, तशी आयुष्यात कधी वाटली नाही.

मार्युतला सांगितलं. ती हसली नाही, याचंच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "जा खाली आणि सांग."

मी लगेच गेलो असतो तर ही गोष्ट माझ्या बाजूने थोडी बरी झाली असती. पण मी आधी पत्र लिहायला बसलो. पत्रात खांबांची आकृती काढली, डावी बाजू, उजवी बाजू, बाण. दोन पानं झाली. मार्युतने ती वाचली आणि विचारलं, "यात 'चुकलं' हा शब्द कुठे आहे?" शोधला, तर तो नव्हता. 'विसंगती' होता, दोनदा. तिने पत्र रद्दीत टाकलं आणि माझ्या हातात बूट दिले.

आउनेबाईंनी दार उघडलं, कॉफी ठेवली. आमच्याकडे कॉफी येईपर्यंत मुद्द्याचं बोलत नाहीत, म्हणून मी सात मिनिटं खिडकीबाहेरच्या बर्फाबद्दल बोललो. मग म्हणालो, "आउनेबाई, माझं चुकलं. तुमचं नाव माझ्याकडून गळलं. संगणकाला पहिला नंबर धरायला सांगायचं असतं, मी सांगितलं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे मंडळाने ठरवलं नव्हतं?"

"काय ठरवलं नव्हतं?"

"मागच्या वर्षी मी तिथे पायरीवरून घसरले होते. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून विचार केला असेल. म्हातारी एकटी जाते, दार आतून लावते, एक दिवस काहीतरी होऊन बसेल. तोंडावर सांगणं जड जातं, म्हणून नाव काढलं असेल. म्हटलं, बरोबरच आहे त्यांचं."

"अहो, असं कोण ठरवेल?"

"हे घर सौनाच्या बरोबर वर आहे ना," त्या म्हणाल्या. "शनिवारी दोनला खाली कोणीतरी असायचं. जमीन गरम लागायची पायाला. म्हटलं, चला, तास वाया नाही गेला."

मी कपात बघितलं. या वेळी मीही तेच केलं.

पुढच्याच सोमवारी मी व्यवस्थापकाच्या कचेरीत. बाई म्हणाल्या, "नववा रकानाच नाही."

"समासात लिहा. पूर्वी होतं तसं."

"पूर्वी कागद होता. आता तुमची यादी संगणकात आहे, संगणकाला समास नसतो. दुरुस्तीसाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आणा. सभा मार्चमध्ये."

तोवर मी माझे दोन्ही तास आउनेबाईंना देऊ केले. त्यांनी एकच घेतला, दोनचा, पण तीनला मार्युत आली की तिच्या सोबतीने पुढेही बसून राहायच्या. मला दोघींनी आत बोलावणं शक्य नव्हतं, त्यामुळे मी दोन बस बदलून तलावावर जाऊ लागलो. दुसरी बस लगेच मिळते हे काही खरं नाही. मी दर वेळी बावीस मिनिटं उभा असायचो.

मार्चमध्ये सभा भरली. कॉफी होती, गोड पाव होते, मी एकालाही हात लावला नाही. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं: खांब, कुंपण, आठ चोक बत्तीस, मानाचा तास. चाळीस माणसं आपापल्या कपात बघत होती. मी बसलो. रायमोने विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?"

मग ताइस्तो खाकरला. "मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं," तो म्हणाला. "यादीत एक नाही."

"मग बोलला का नाहीस?" रायमोने विचारलं.

"म्हटलं, तिने सोडली असेल पाळी. विचारणं बरं दिसत नाही."

मास्तर म्हणाले, "मीही पाहिलं होतं." दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या की त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलानेच दाखवलं होतं. मग एकेक जण बोलत गेला, हळू आवाजात, कपाकडेच बघत. जवळजवळ सगळ्यांनी पाहिलं होतं. ज्याने यादी केली, त्यालाच तेवढं दिसलं नव्हतं.

नववा रकाना एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त तपासून त्यावर सही करायला सभेतल्या एका सभासदाची निवड करतात. त्या दिवशी आउनेबाईंची झाली. आठवड्याने रायमो मसुदा घेऊन त्यांच्याकडे गेला, आणि धीर यावा म्हणून मला बरोबर घेऊन गेला. मसुद्यात लिहिलं होतं, 'तांत्रिक अडचणीमुळे एक घर यादीतून वगळलं गेलं.'

आउनेबाईंनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि 'तांत्रिक अडचणीमुळे' यावर काट मारली. थरथरत्या अक्षरात वर लिहिलं, 'ऑस्मोच्या चुकीमुळे.'

"अहो, नाव कशाला?" रायमो म्हणाला. "त्याला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"राहू दे," मी म्हणालो. "तसंच आहे ते."

त्यांची पेन्सिल थांबली नव्हती. त्यांनी खाली आणखी एक ओळ घातली: 'ही चूक सगळ्यांनी पाहिली आणि कोणीही बोललं नाही.' रायमोने ती वाचली आणि त्याचे कान लाल झाले. आउनेबाईंनी कागद परत स्वतःकडे ओढला, थोडा विचार केला, आणि 'कोणीही बोललं नाही' याच्यापुढे हळूहळू लिहिलं, 'घर नंबर एकसुद्धा.'

मग त्यांनी सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "आता नीट टाइप करून आण. आणि ऑस्मो, ओळी मोजून बघ."